अहमदनगरचें अमेरिकन मराठी मिशन: त्याचा संसार, हुंडणावळ आणि महागाई

ऐतिहासिक साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, महजर, बखरी आणि दरबारी पत्रव्यवहार हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. खर्चाच्या वह्या, पगाराचीं पत्रकें आणि सामानाच्या याद्या यांस संग्राहकांच्या दप्तरांत बहुधा शेवटची जागा मिळते. आणि जागा अपुरी पडली म्हणजे पहिल्यानें रद्दींत जातात तेहि हेच कागद. तथापि एखाद्या संस्थेनें काय करावयाचें ठरविलें हें तिच्या ठरावांवरून कळतें. प्रत्यक्ष काय करतां आलें हें मात्र तिच्या जमाखर्चावरूनच कळतें. पेशव्यांच्या रोजकीर्दी वाचणारांस ही गोष्ट नवी नाहीं. तीच कसोटी एकोणिसाव्या शतकांतील एका परकीय संस्थेस लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. ही संस्था म्हणजे अहमदनगर (सन २०२४ पासून अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशन होय. या मिशनाच्या धर्मकार्याचें मूल्यमापन येथें कर्तव्य नाहीं. परदेशांतून येणाऱ्या पैशावर नगरसारख्या दुष्काळी मुलखांत एक संसार कसा चालला, आणि बाजारभाव चढले तेव्हां त्या चढीचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हा प्रश्न आहे.

बॉस्टन येथील अमेरिकन बोर्ड ही संस्था सन १८१० मध्यें स्थापन झाली. तिनें पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे सन १८१२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेहून निघाले. कलकत्त्यास कंपनी सरकारानें त्यांस थारा न दिल्यामुळें फेब्रुवारी १८१३ मध्यें ते मुंबईस येऊन पोहोंचले. पुढील कांहीं वर्षांत मुंबईच्या हवेनें व पटकीच्या सांथींनीं या मंडळींपैकीं अनेकांचे प्राण घेतले. स्वतः हॉल हे सन १८२६ मध्यें फिरतीवर असतां पटकीनेंच वारले. घाटावर कोरड्या हवेचें ठिकाण असावें, या विचारास येथूनच जोर आला. डिसेंबर १८३१ (शके १७५३) मध्यें अ‍ॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड व विल्यम हर्वी हे तिघे, बाबाजी नांवाच्या ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण गृहस्थास बरोबर घेऊन, नगर येथें आले. नगर सन १८१७ पासून इंग्रजांकडे होतें, तेथें लष्करी छावणी होती, आणि सभोंवार खेडीं दाट होतीं. परंतु ज्या हवेच्या भरंवशावर हे लोक आले तिनेंहि त्यांस फार दिवस सुखानें राहूं दिलें नाहीं. मे १८३२ मध्यें हर्वी पटकीनें वारले, आणि पुढच्याच सालीं बाबाजीहि गेले. सन १८३३ मध्यें नगरची पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर.

आतां या मिशनाचा पैसा नगरापर्यंत कसा येई तें पाहूं. कारण पुढील सर्व हकीकतीची किल्ली तेथेंच आहे. वर्गणी अमेरिकेंतील गांवोगांवच्या देवळांत डॉलरांनीं जमे. ती बॉस्टन येथें एकत्र होई. तेथून लंडनच्या पेढीवर पौंडांच्या हुंड्या होत. त्या हुंड्या मुंबईस विकून रुपये हातीं येत. आणि रुपये नगरास जात. एका वर्गणीस अशी तीन नाणीं बदलावीं लागत. प्रत्येक बदलांत हुंडणावळ कापली जाई, आणि दराच्या चढउताराचा धोका वेगळाच. शिवाय शिडाच्या जहाजानें आफ्रिकेस वळसा घालून जाणाऱ्या पत्रास चार-पांच महिने लागत. नगरच्या पत्राचें उत्तर नगरास परत येईपर्यंत वर्षाचा बराच भाग सरे. तांबड्या समुद्राच्या वाटेनें आगबोटींची टपाल सुरू झाल्यावर ही मुदत कमी झाली, आणि सन १८६९ मध्यें सुएझचा कालवा खुला झाल्यावर आणखी कमी झाली. परंतु मूळ अडचण राहिलीच. बॉस्टनमध्यें मंजूर होणारी रक्कम मागच्या वर्षाच्या भावांवर बेतलेली असे; ज्वारी मात्र नगरच्या बाजारांत आजच्या भावानें घ्यावी लागे.

मिशनऱ्याच्या घरचें राहणें स्थानिक लोकांच्या दृष्टीनें सुखवस्तु, आणि छावणींतील इंग्रज अंमलदारांच्या मानानें बेताचें, असें मधलें होतें. राहण्यास बंगला, फिरतीस बैलगाडी व तंबू, घरांत नोकरचाकर. नोकरांची संख्या अमेरिकन वाचकांच्या डोळ्यांत खुपे. परंतु पाणी आणणारानें झाडूं नये, झाडणारानें स्वयंपाकास हात लावूं नये, असा जातींचा निर्बंध असल्यामुळें एका माणसावर भागत नसे. दूध, मांस व अंडीं यांस छावणीचें मोठें गिऱ्हाईक असल्यानें या जिनसांचे भाव आसपासच्या खेड्यांपेक्षां चढेच राहात. पावसाळा सरला कीं थंडीचे महिने खेड्यांतून तंबू ठोकून उपदेश करण्यांत जात. उन्हाळ्यांत प्रकृति ढासळली तर महाबळेश्वर गांठावें लागे. अ‍ॅलन ग्रेव्ह्ज यांचा अंत सन १८४३ च्या डिसेंबरांत तेथेंच झाला. मुलें दहाबारा वर्षांचीं झालीं म्हणजे शिक्षणासाठीं त्यांस अमेरिकेस धाडण्याचा प्रघात होता. हा वियोग तर होताच, पण जहाजाच्या भाड्याचा मोठा बोजाहि होता.

तथापि मिशनाच्या खर्चाचा दुसरा भाग याहून आपल्या विषयास महत्त्वाचा आहे. तो म्हणजे शाळामास्तर, उपदेशक, उपदेशिका व पाळक यांचे पगार आणि शाळांचीं भाडीं. साहेबाच्या कुटुंबाचा खर्च कांहीं मर्यादेखालीं उतरविणें शक्य नव्हतें. आजारी माणसास परत पाठविणें किंवा नवें माणूस आणणें हें तर अधिकच महाग. म्हणून बॉस्टनहून काटकसरीचें फर्मान आलें कीं कात्री चालावयाची ती बहुधा या दुसऱ्या भागावर. याचें पहिलें मोठें उदाहरण सन १८३७ चें. त्या वर्षीं अमेरिकेंत पेढ्या बुडाल्या, वर्गणी आटली, आणि बोर्डानें सर्वच ठाण्यांच्या खर्चास मर्यादा घातली. सिलोनमधील अमेरिकन मिशनास त्यामुळें आपल्या अनेक शाळा एकदम बंद कराव्या लागल्या. न्यूयॉर्कच्या एका पेढीचें दार लागावें आणि जाफन्याच्या खेड्यांतील मुलांच्या हातून पाटी सुटावी, हा कार्यकारणसंबंध त्या काळच्या लोकांस नवाच होता.

नगरचा पुढचा काळ वाढीचा आहे. हेन्‍री बॅलंटाइन हे तेथें आले. त्यांच्या संपादकत्वाखालीं सन १८४२ मध्यें 'ज्ञानोदय' पत्र नगरासच निघालें. मिस सिंथिया फरार या सन १८२७ पासून मुंबईस मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या सन १८३९ मध्यें नगरास आल्या आणि सन १८६२ मध्यें तेथेंच वारल्या. त्यांची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली होती, आणि पुण्यास मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या संकल्पास तिचें पाठबळ मिळालें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ज्या शाळेनें इतकें घडविलें ती शाळाहि अखेर मास्तरणीच्या पगारावर आणि भाड्याच्या रुपयांवर उभी होती, हें मात्र सहसा लक्षांत घेतलें जात नाहीं.

सन १८५४ मध्यें बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे ऑगस्टस थॉम्सन यांच्यासह हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस नगर येथें त्यांची मिशनाशीं सविस्तर वाटाघाट झाली. अँडरसन यांचें मत असें कीं, देशी मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा. इंग्रजी शाळांवर पैसा घालण्याऐवजीं मराठींतून उपदेशक तयार करावे. त्याच वर्षीं हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. हें धोरण मिशनांतील सर्वांस मानवलें नाहीं. त्यावर पुढें पुष्कळ वादविवाद झाला, आणि शाळा मोडल्याचा ठपका अँडरसन यांच्यावर आला. या वादाची चर्चा बहुधा तत्त्वाच्या अंगानें झाली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मतें तिला हिशेबाचेंहि अंग आहे, आणि तें पुढील दहा वर्षांत उघडें पडलें.

सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील कापूस अडकून पडल्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांनीं मुंबईकडे धांव घेतली. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि त्याचे लोट दख्खनच्या खेड्यांपर्यंत पोहोंचले. त्याच वेळीं रेल्वेचीं कामें चालू होतीं. बोरघाटाचा मार्ग सन १८६३ मध्यें खुला झाला. गाडीवान, मजूर, गवंडी, सुतार सर्वांचे रोज चढले, धान्य महागलें. नगरास स्वतःची रेल्वे दौंड–मनमाड मार्गानें सन १८७८ मध्यें मिळाली. तोंवर बाहेरून धान्य आणणें तें बैलांच्या पाठीवर किंवा गाडींतून. ज्याच्या घरीं कापूस व धान्य पिकलें त्यास हा काळ सोन्याचा; ज्याच्या हातीं ठराविक रोकड पगार त्यास तो टंचाईचा.

मिशनावर तर ही कुऱ्हाड दोन्ही बाजूंनीं पडली. इकडे महागाई, आणि तिकडे अमेरिकन सरकारानें काढलेल्या कागदी डॉलरची किंमत घसरलेली. युद्धापूर्वीं एक पौंड सुमारें ४.८७ डॉलरांस पडे आणि रुपया सुमारें दोन शिलिंगांचा होता; म्हणजे नगरास १०० रुपये पोहोंचविण्यास हुंडणावळ वगळून सुमारें ४९ डॉलर पुरत. जुलै १८६४ (शके १७८६) मध्यें सोन्याचा भाव कागदी डॉलरांत शेंकडा २८५ पर्यंत चढला. त्या दरानें तेच १०० रुपये सुमारें १३८ डॉलरांस पडले असते. ही परमावधि थोड्याच दिवसांची होती हें खरें. परंतु सबंध वर्षाची सरासरी धरली तरी मूळच्या दुप्पट डॉलर लागत होते. ज्या शेतकऱ्यानें अमेरिकेंत पूर्वींइतकीच वर्गणी घातली त्याच्या वर्गणीचा नगरांत निम्मा रुपयाच झाला, आणि त्या निम्म्या रुपयास पूर्वींइतकी ज्वारीहि येईना.

अशा स्थितींत मिशनापुढें तीनच वाटा होत्या. मास्तरांचा पगार वाढवून मास्तर कमी करावे. पगार तोच ठेवून ते कर्जांत बुडतील किंवा सोडून जातील हें पत्करावें. अथवा पगाराचा कांहीं भाग खेड्यांतील मंडळीवर टाकावा. तिसरी वाट अँडरसन यांनीं तत्त्व म्हणून आधींच आंखून ठेविली होती. आतां तिला गरजेचा रेटा मिळाला. महागाईनेंच स्वावलंबनाचें धोरण जन्मास घातलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं, कारण धोरण सन १८५४ चें आणि ही महागाई त्यानंतरची. पण तत्त्व कागदावरून खेड्यांत उतरविण्याची निकड या हिशेबानें उत्पन्न केली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें खेड्यांतील मंडळी कोण होती हें ध्यानांत घ्यावें. नगर जिल्ह्यांतील बहुतेक ख्रिस्ती कुटुंबें महार व मांग समाजांतून आलेलीं. त्यांची जुनी उपजीविका बलुत्याची: गांवचें काम करावें आणि खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावा. बलुतें धान्यांत मिळत असल्यामुळें भाव चढले तरी त्याचें पोट भरण्याचें मोल कमी होत नसे. भाव उतरले तरी वाढत नसे. मिशनाचा मास्तर झालेला त्याच समाजांतील तरुण मात्र रोकड पगारावर आला. पगारानें त्यास प्रतिष्ठा दिली, वाचन दिलें, गांवकीच्या राबणुकीपासून सुटका दिली. पण बलुत्याचें जें एक कवच होतें तें काढून घेतलें. महागाईंत त्याचा वडील भाऊ खळ्यावरून भाकरीपुरती ज्वारी आणी आणि याला बाजारांत ती चढ्या भावानें विकत घ्यावी लागे. उलट सन १८६५ नंतर कापसाचा भाव कोसळला आणि पुढें धान्यहि उतरलें, तेव्हां कुणबी सावकाराच्या वहींत बुडाला आणि रोकड पगारदार थोडा सावरला. सन १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सुरू होऊन नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरलेले दंगे हे याच चढउताराचें फळ होतें. खेड्यांतील मंडळीनें पाळकाचा पगार रोकड द्यावा, ही अपेक्षा अशा मुलखांत कितपत फळणार होती? देणाराजवळ धान्य होतें, घेणारास रुपये हवे होते. सुगीच्या वेळीं धान्यरूपानें अर्पण घेण्याची रीत उपयोगी ठरते ती याचमुळें. ती मंडळीच्या ऐपतीशीं जुळणारी होती.

सन १८७३ पासून वारें उलट फिरलें. रुप्याचा भाव पडूं लागला आणि त्याबरोबर रुपयाचा. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया सन १८९४-९५ मध्यें एक शिलिंग एक पेनीपर्यंत उतरला. तिकडे सन १८७९ पासून कागदी डॉलर पुन्हां सोन्याच्या बरोबरीस आला होता. म्हणजे ज्या १०० रुपयांस सन १८६४ मध्यें शंभराच्या घरांत डॉलर पडत ते आतां २६-२७ डॉलरांस मिळूं लागले. विलायतेस पैसा पाठविणाऱ्या इंग्रज नोकरांनीं या घसरणीविरुद्ध ओरड केली. विलायतेहून पैसा आणणाऱ्या मिशनास ती वरदानच होती. सन १८७८ मध्यें नगरास धर्मशिक्षणाचें विद्यालय निघालें, सन १८८२ मध्यें हायस्कूल निघालें, आणि पुढें औद्योगिक शाळाहि उभी राहिली. या विस्तारास कार्यकर्त्यांचा उत्साह व अमेरिकेंतील भरभराट हीं कारणें आहेतच. पण स्वस्त रुपयाचा वांटा त्यांतून वगळतां येत नाहीं.

परंतु हुंडणावळीनें जें दिलें तें दुष्काळानें घेतलें. सन १८७६-७८ चा दुष्काळ, सन १८९६-९७ चा, त्यामागोमाग प्लेग, आणि सन १८९९-१९०० (शके १८२१) चा सर्वांत भयंकर दुष्काळ. या शेवटच्या प्रसंगीं रॉबर्ट ह्यूम यांनीं मदतकार्याची मोठी जबाबदारी उचलली. सन १९०१ मध्यें त्यांस सरकारकडून कैसर-इ-हिंद पदक मिळालें. अमेरिकेंत 'ख्रिश्चन हेरल्ड' पत्रानें हिंदुस्थानच्या दुष्काळपीडितांसाठीं मोठा निधि जमविला. पोरक्या मुलांनीं मिशनाचीं वसतिगृहें भरून गेलीं. दुष्काळाची वर्गणी एका हंगामाची असते. पोसावयाचें मूल मात्र दहा वर्षांचें ओझें असतें. सुतारकाम, विणकाम, चटया-गालिचे यांच्या शाळा मिशनानें वाढविल्या, आणि डी. सी. चर्चिल या अमेरिकन यंत्रज्ञानें नगरास हातमागाच्या सुधारणेचे प्रयोग केले, त्यांतील निकड ही होती.

या काळांतील घरगुती जीवनाचें मराठींत सर्वांत जिवंत साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचीं 'स्मृतिचित्रें' होत. नारायण वामन टिळक सन १८९५ मध्यें ख्रिस्ती झाले आणि मिशनाच्या नोकरींत नगर व राहुरी येथें त्यांचा संसार झाला. मिशनाच्या छापील अहवालांत जो पगार एका ओळींत संपतो त्यावर किती तोंडें जेवत, महिनाअखेर कशी गांठली जाई, आणि आलेला पैसा दारीं आलेल्यास देऊन टाकणाऱ्या कवीच्या घरीं गृहिणीस काय करावें लागे, हें या एका ग्रंथावरून जितकें कळतें तितकें अहवालांच्या सबंध मालेवरूनहि कळत नाहीं. सन १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनाची पगारी नोकरी सोडली. त्यांच्यापुरता पगाराचा प्रश्न असा सुटला. परंतु परक्याच्या पैशावर आपला धर्म चालावा काय, हा जो प्रश्न त्यांस टोंचत होता तो खेड्यांतील मास्तर पन्नास वर्षें पोटाच्या भाषेंत विचारीत आला होता.

पहिल्या महायुद्धानें जुनें चक्र पुन्हां फिरविलें. सन १८९८ च्या सुमारापासून रुपया एक शिलिंग चार पेनींवर, म्हणजे सुमारें ३२ सेंटांवर, स्थिर होता. युद्धांत रुपें चढलें आणि सन १९१९-२० मध्यें रुपया चाळीस सेंटांच्या वर गेला. त्याच वेळीं धान्य व कापड अभूतपूर्व महाग. सन १८६४ चीच दुहेरी कुऱ्हाड, थोड्या सौम्य धारेची. तेव्हांपासून मिशनाचे अधिकार हळूहळू देशी मंडळीकडे जाऊं लागले. सन १९४७ मध्यें बी. पी. हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज स्थापन केलें; सन १९६१ मध्यें अमेरिकन बोर्ड ही संस्थाच दुसऱ्या संस्थेंत विलीन झाली.

या सर्वांवरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मिशनाच्या विस्तार-संकोचाचा अभ्यास हुंडीच्या दराकडे दुर्लक्ष करून होणार नाहीं. दुसरी, परदेशी मदतीवर चालणाऱ्या कार्यांत दराच्या चढउताराचा पहिला भार दात्यावर किंवा साहेबावर न पडतां सर्वांत खालच्या पगारदारावर पडण्याकडे कल असतो. तिसरी, 'पैशासाठीं ख्रिस्ती झाले' हा आक्षेप ज्यांस घ्यावयाचा असेल त्यांनीं त्या पैशास कोणत्या सालीं किती ज्वारी येत होती हें आधीं पाहावें.

पैकीं दुसरें अनुमान पूर्णपणें सिद्ध होण्यास खेड्यांतील मास्तरांच्या पगाराची अखंड माला हवी. मिशनऱ्यांचीं इंग्रजी पत्रें हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत. बॉस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकांत निवडक उतारे छापलेले आहेत, पण ते वर्गणीदारांसाठीं निवडलेले असल्यामुळें जपून वापरावे लागतात. साहेबाची बाजू अशी सुरक्षित आहे. मास्तराची बाजू मोडींतील पावत्यांत, मंडळ्यांच्या जमाखर्चाच्या वह्यांत, सावकाराच्या खात्यांत आणि कीर्तनाच्या हस्तलिखितांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या उधारीच्या नोंदींत शोधावी लागेल. राहुरी, वडाळें, पारनेर, शिरूर या बाजूंस जुनीं दप्तरें पाहण्याचा योग ज्यांस येईल त्यांनीं असे कागद हातीं लागल्यास त्यांवरील तारीख, जिन्नस, माप व दर एवढ्या चार गोष्टी तरी टिपून ठेवाव्या. पायलीचा एक दर व त्याच महिन्याची पगाराची एक पावती, एवढें जोडीनें मिळालें तरी त्या सालापुरता मास्तराच्या घरचा हिशेब मांडतां येईल.